गणकयंत्राला लागलेली तहान

उन्हाळ्यात गार कसे राहावे, ही विद्या मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. परभणीचा पारा एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर सहज जातो. त्या दिवसांत आमच्याकडे माठाखाली ओली वाळू असते, दाराला वाळ्याचा पडदा असतो आणि खिडकीत पत्र्याचा कूलर रात्रंदिवस घरघरत असतो. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. (आमच्या पिढीच्या जिभेवर अजून औरंगाबादच येते, त्याला इलाज नाही.) डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही मैलांवरून मातीच्या नळांतून आणून त्यावर पिठाची चक्की फिरवली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छप्पर आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जाडजूड खांबांवर तोललेल्या त्या दालनात भर दुपारी शिरून पाहावे. डोक्यावर पाणी खेळते ठेवून खालची जागा थंड राखण्याची ही करामत अठराव्या शतकातली आहे.

हे सारे आठवण्याचे कारण मात्र अगदी आजचे आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा लग्नाच्या चित्रफिती जुळवून देण्याचा धंदा करतो. लग्नसराई नेमकी वैशाखात, आणि वैशाखातल्या दुपारी त्याचे जुने गणकयंत्र हात टेकते. ते बंद पडत नाही. आतला प्रोसेसर फार तापला की जीव वाचवण्यासाठी तो आपण होऊन मंद चालू लागतो, आणि एका तासाचे काम तीन तासांवर जाते. यंदा सोयाबीनच्या पैशांतून भावाने त्याला नव्या यंत्रासाठी रक्कम काढून दिली. सुटे भाग आणून यंत्र स्वतःच जुळवायचे, असा चिरंजीवांचा बेत.

"काका, ह्या वेळी पाण्यानं थंड होणारं करतो," तो म्हणाला.

"विजेच्या डब्यात पाणी?" भावाने विचारले आणि माझ्याकडे पाहिले. वर्षभराच्या पिकाचे पैसे होते ते. नळीचा एक सांधा सुटला तर मातीत गेले असते.

घरात चार पुस्तके वाचणारा मीच, म्हणून भागांची यादी माझ्या हाती आली. आता माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले. शाळेत मराठी शिकवावी आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. तेव्हा मी आपल्या सवयीप्रमाणे इतिहासाच्या वाटेने निघालो: हे यंत्र तापू लागले केव्हा, आणि त्याला पाणी पहिल्यांदा कोणी पाजले?

तापणे हे त्याच्या जन्मापासूनचे आहे. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेले 'टिफ्रॅक'. डॉ. होमी भाभांच्या या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी ते बांधले. १९५६ साली त्याची लहान प्रतिकृती चालू झाली, १९६० साली मूळ यंत्र कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे बारसे केले. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच अशा पोलादी चौकटीत सुमारे २,७०० निर्वात नळ्या बसवल्या होत्या. जुन्या रेडिओत लालसर उजळणारी नळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा पावणेतीन हजार नळ्यांची धग किती, हे सांगायला नको. पुढे ट्रान्झिस्टर आले, नळ्या गेल्या, आणि उष्णतेचा प्रश्न मिटला असे वाटले. मिटला नव्हता. ट्रान्झिस्टर लहान झाले तसे माणसाने ते अधिक दाटीने बसवले, आणि दाटीत ऊब वाढते हे एसटीतून प्रवास करणाऱ्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

पाण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर धरला तो अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने. १९६७ साली नासा संस्थेला दिलेले तिचे ३६०-९१ हे यंत्र पाण्याने थंड होत असे. १९८० साली तिने ३०८१ हे यंत्र जाहीर केले. त्यातली रचना मला फार आवडली. शंभरावर चिपा एका पाटीवर मांडलेल्या; प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबून धरलेली ॲल्युमिनियमची एकेक दांडी; मधल्या पोकळीत हेलियम वायू; आणि वरच्या झाकणातून वाहणारे पाणी. म्हणजे पाणी चिपेला शिवतही नाही. चिपेची उष्णता दांडीला, दांडीची झाकणाला आणि झाकणाची पाण्याला, अशी हातोहात जाते. सोवळ्यातल्या बाईला दुरून वस्तू द्यावी तसा हा प्रकार.

सेमूर क्रे या विक्षिप्त प्रतिभावंताने दुसरा रस्ता घेतला. त्याचे १९७६ सालचे क्रे-१ हे यंत्र शीतकपाटात वापरतात त्या फ्रिऑनने थंड होत असे. वरून पाहता इंग्रजी 'सी'च्या आकाराचे ते उभे यंत्र, आणि भोवती गादी लावलेला बाक. त्या बाकाखाली वीजपुरवठ्याची सामग्री दडवलेली. सुमारे ११५ किलोवॉट वीज खाणाऱ्या यंत्रावर पाहुणे टेकत असत! १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर त्याने सबंध मंडलेच वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवून टाकली.

याच क्रे कंपनीच्या यंत्राशी आपल्या महाराष्ट्राची कथा जोडलेली आहे. मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी भारताला असे महायंत्र हवे होते. अमेरिकेशी वाटाघाटी लांबल्या, आणि अखेर दिल्लीला जे यंत्र आले ते मागितल्यापेक्षा कमी ताकदीचे होते. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. १९९१ साली त्यांनी 'परम ८०००' उभे केले. त्यांच्या निवडीतली खुबी मला उष्णतेच्या बाजूने पाहिल्यावर उमगली. एकच महाबलाढ्य प्रोसेसर घ्यावा आणि त्याला थंड ठेवण्यासाठी नळयोजना उभारावी, हा क्रेचा मार्ग त्यांनी घेतला नाही. ब्रिटनमध्ये बनलेल्या 'ट्रान्सप्युटर' नावाच्या लहान, मोजकी वीज खाणाऱ्या चिपा घेतल्या आणि काम त्यांच्यात वाटून दिले. एका पैलवानाऐवजी गावभर माणसे लावून विहीर उपसावी, तसे. सुट्या भागांची निवड म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला तरी सापडला नाही.

घरातली लहान गणकयंत्रे तोवर थंडच होती. १९८१ सालच्या पहिल्या आयबीएम पीसीतल्या प्रोसेसरवर साधी धातूची पट्टीही नव्हती. पुढे पट्टी आली, पट्टीवर पंखा आला, आणि पंखा दरसाल मोठा होत गेला. २००४ साली इंटेल कंपनीने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम काढण्याचा बेत सोडून दिला. त्याच वर्षी ॲपल कंपनीने पॉवर मॅक जी-५ हे द्रवाने थंड होणारे यंत्र बाजारात आणले, आणि पुढे त्यांतल्या काहींमधून द्रव गळून आतले भाग खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे माझ्या भावाची धास्ती निराधार नव्हती.

त्याआधीच, १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटी, हौशी मंडळींनी आपापल्या घरी हा उद्योग आरंभला होता. दुकानात तयार भाग मिळत नसत. मोटारीत ऊब देण्यासाठी असलेली छोटी जाळी काढायची, माशांच्या टाकीतला पंप घ्यायचा, तांब्याचा ठोकळा स्वतः कोरायचा, आणि नळीने सगळे जोडून द्यायचे. आज हेच भाग चकचकीत वेष्टनांत मिळतात, रंगीत दिव्यांसह. पण मूळ कुटुंब तेच: ठोकळा, पंप, जाळी, नळी आणि पाणी.

पुतण्याच्या यादीत सर्वांत महाग वस्तू होती ती दिव्यांचा पारदर्शक ठोकळा, आणि सर्वांत स्वस्त होती जाळी. इथे मी थांबलो. आजचा मोठा प्रोसेसर भर कामात अडीचशे वॉट वीज खातो, मोठे ग्राफिक्स कार्ड साडेचारशे. दोन्ही मिळून सातशे वॉट, म्हणजे घरातली एक इस्त्रीच म्हणा. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पाणी ती नाहीशी करीत नाही. उचलून दुसरीकडे नेते. नेण्यात मात्र त्याचा हात धरणारे कोणी नाही. तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. मिनिटाला तीन लिटर पाणी खेळते असेल तर सातशे वॉट घेऊनही ते साडेतीन अंशांपेक्षा अधिक तापत नाही. म्हणून पाणी आधी प्रोसेसरकडे जावे की आधी ग्राफिक्स कार्डाकडे, या प्रश्नावर नवशिके रात्री जागवतात, त्यात फारसे तथ्य नाही. सारे पाणी जवळपास एकाच तापमानाला असते.

खरा प्रश्न ती उष्णता हवेला कुठे द्यायची हा आहे, आणि ते काम जाळीचे. १९०० साली विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीज मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बनवली, तिच्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. पाण्याला अधिकाधिक हवा भेटावी एवढाच हेतू. शंभरावर वर्षे झाली, तत्त्व बदललेले नाही. तेव्हा पैसे वाचवायचे तर दिव्यांत वाचवावेत, जाळीत वाचवू नयेत.

जाळीविषयी अधिक कळावे म्हणून मी स्टँडाजवळच्या गल्लीत ट्रकचे रेडिएटर झाळणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने यादीवरची तांब्याची जाळी आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ऐकला आणि हातातले काम खाली ठेवले.

"गुरुजी, तांब्या-पितळेसंगं अॅल्युमिनम लावू देऊ नका पोराला. एका पान्यात दोन धातू आले की अॅल्युमिनमची चाळन होते बघा. धातू एकच ठेवा."

त्याला हे अनुभवाने कळले होते; ब्रिटिश आरमाराला ते कळायला जहाजे खर्ची घालावी लागली. १७६१ साली 'अलार्म' नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले! मात्र जिथे पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे शाबूत. दोन धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे विजेचा घटच, ही उकल १८०० साली व्होल्टाने घट बनवल्यावर होऊ लागली, आणि १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने तांबे वाचवण्यासाठी दुसरा धातू मुद्दाम बळी द्यावा, अशी युक्ती सुचवली. आमच्या पुतण्याच्या डब्यात बळी जाणारा धातू ॲल्युमिनियम ठरला असता. ठोकळा बदलला: निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा, जोड पितळी, जाळी तांब्याची.

पाणी कोणते, हा प्रश्न आमच्या भागात कठीण आहे. कूलरच्या गवतावर मृगापर्यंत साचलेला पांढरा थर ज्यांनी खरवडला आहे, त्यांना बोअरच्या पाण्याचे गुण माहीत आहेत. ठोकळ्याच्या आतल्या फटी अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतात. तिथे तो थर बसला की पाणी फिरायचे थांबलेच. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी, आणि त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषधाचे दोन थेंब.

आता भावाचा मुख्य आक्षेप राहिला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. "बाहेर त्रेचाळीस अंश. जाळीतून जाणारी हवाच तापलेली. मग पाणी गार होणार कसं? बर्फ टाकायचा का त्यात?"

बर्फ टाकायचा नाही, याचे कारण दव. पाणी खोलीतल्या हवेपेक्षा फार थंड केले तर पावसाळ्यात गार तांब्याला सुटतो तसा घाम नळ्यांना आणि ठोकळ्याला सुटेल, आणि तो थेट विजेच्या मंडलावर ठिबकेल. जाळीने मात्र पाणी खोलीच्या हवेहून खाली कधीच जात नाही, त्यामुळे ही भीती उरत नाही. राहिले त्रेचाळीस अंश. प्रोसेसर ऐंशी अंशांपर्यंत बिनतक्रार काम करतो; त्याच्या दृष्टीने पन्नास अंशांचे पाणीसुद्धा गारच. २०१० साली झुरिकमध्ये आयबीएमने 'ॲक्वासार' नावाचे यंत्र तिथल्या तंत्रविद्यापीठात बसवले, त्यात साठ अंशांचे कढत पाणी आत सोडत असत! त्यातून बाहेर पडणारी उष्णता विद्यापीठाची इमारत उबदार ठेवायला वापरली. हे वाचून मी वही मिटली आणि भावाला सांगायला गेलो. साठ अंशांच्या पाण्याने जे थंड होते, ते परभणीत थंड होणार नाही असे कसे म्हणावे? शिवाय खिडकीतला कूलर वैशाखाच्या कोरड्या हवेत खोलीचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवतो, त्याचा लाभ जाळीला आयताच. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा जोर ओसरतो; पण तेव्हा उन्हाचाही ओसरलेला असतो.

भावाने एकच अट घातली. सगळे जोडून झाल्यावर प्रोसेसरला वीज न देता नुसता पंप अहोरात्र चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवायचा. मजा अशी की जाणकार मंडळीही नेमके हेच सांगतात. भाऊ मात्र ठिबकच्या नळ्या टाकताना शिकला होता. रात्री दोनदा उठून त्याने विजेरीने कागद पाहिले. कोरडे होते.

याच सुमारास मला कळले की पुण्यातल्या पाषाणच्या रस्त्यावर, ज्या रस्त्याला होमी भाभांचेच नाव आहे, हाच सारा उद्योग फार मोठ्या अंगाने चालला आहे. तिथल्या आयसर संस्थेत २०१९ साली सी-डॅकने 'परम ब्रह्म' बसवले. ज्या सी-डॅकने लहान चिपांवर पहिला डाव मांडला, तिनेच इथे थेट चिपेच्या पाठीवरून पाणी फिरवले. अठ्ठावीस वर्षांत चिपा एवढ्या भुकेल्या झाल्या की निव्वळ पंख्याने निभावणे महाग पडू लागले. त्याच रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. २०१८ साली तिथे 'प्रत्यूष' आले, तेही पाणी फिरवूनच थंड होणारे, आणि तेही क्रे कंपनीचेच! एकेकाळी हात आखडणाऱ्यांचे यंत्र पुण्यात दाखल झाले, हे वाचून मला थोडा आनंद झाला हे कबूल करतो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अर्क' या त्याहून मोठ्या यंत्राचे लोकार्पण झाले. सेकंदाला अकरा हजार सातशे सत्तर लाख कोटी बेरजा-गुणाकार करण्याची त्याची शक्ती. त्याच्या पाट्यांवरूनही पाणी वाहते. २६ मे २०२५ पासून देशाचा हवामान अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीत काढण्याची नवी पद्धत सुरू झाली. त्याआधी ती चौकट बारा किलोमीटरची होती.

सहा किलोमीटर म्हणजे आमच्या गावापासून शेजारच्या गावापर्यंतचे अंतर. पूर्वी दोन्ही गावांना एकच पाऊस सांगितला जाई, मग एकाच्या बांधापर्यंत तो येवो वा न येवो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ल्याची पत्रिका निघते. भाऊ ती मोबाइलवर वाचतो. यंदा सोयाबीनवर फवारणी करायची होती तेव्हा तो शुक्रवारची पत्रिका येईपर्यंत थांबला, फवाऱ्याची टाकी ओसरीत भरून ठेवून.